वाचक विचारतात : सिएटलचा ग्रंज, सातपूरची शेड

प्रश्न : आमचा चौघांचा बँड आहे. सातपूर एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये दर रविवारी सराव करतो. ग्रंजचा, म्हणजे अमेरिकेतल्या सिएटलच्या त्या खरखरीत रॉकचा आवाज हवाय, पण नुसता गोंगाट होतो. आणि निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन १९९४ मध्ये गेला तेव्हाच ग्रंज संपला, असं सगळे म्हणतात. मग यात पडावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी गोंगाट. साउंडगार्डनसारखे सिएटलचे बँड ड्रॉप डी ट्यूनिंग भरपूर वापरत. त्यासाठी गिटारची सहावी (सगळ्यात जाड) तार ई सुरावरून डी वर आणायची. डीच्या थोडी खाली उतरवून मग वर चढवा, म्हणजे सूर टिकतो. चौथ्या मोकळ्या तारेशी ताडून बघा, बरोबर एका सप्तकाचा फरक हवा. १०-४६ च्या (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) संचातली सहावी तार इथे ढिली पडते, जोरात पिक मारला की सूर क्षणभर चढतो. १०-५२ चा संच लावा आणि बाराव्या फ्रेटवर (गळ्यावरच्या पट्टीवर) इंटोनेशन तपासा, म्हणजे तिथला सूर मोकळ्या तारेपेक्षा बरोबर एक सप्तक वर येतो का ते बघा. जाड तार नटच्या (गळ्याच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकत असेल, तर पेन्सिलीचं शिसं घासा.

पण खरा गुन्हेगार गेन, म्हणजे अ‍ॅम्पवरचं आवाज फाडणारं बटण. दोन्ही गिटारींचा गेन पूर्ण आणि मिड (मधले सूर) शून्यावर ठेवला, की एकट्याने वाजवताना भारी वाटतं. ड्रम सुरू झाले की कॉर्डच कळत नाही. गेन निम्म्यावर, मिड निम्म्याच्या वर ठेवा. बेस कमी करा, ती जागा बेस गिटारची. कडव्याला डिस्टॉर्शन पेडल बंद, ध्रुवपदाला चालू. शिवाय शेडचा पत्रा झांजांचा आवाज परत फेकतो, म्हणून ड्रमच्या मागे पत्र्यापासून वीतभर सोडून गोधड्या टांगा. घरघर घालवायला अर्थिंगची पिन मात्र काढू नका, गायकाला माइकचा शॉक बसेल.

आता ‘संपला’चं. निर्वाणाचा १९८९ चा पहिला अल्बम ‘ब्लीच’ सिएटलमध्येच, जॅक एन्डिनोने आठ ट्रॅकवर रेकॉर्ड केला. खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. पैसे जेसन एव्हरमनने भरले. श्रेयनामावलीत तो गिटारवादक, प्रत्यक्षात त्यात एक सूरही त्याने वाजवलेला नाही! हा अल्बम काढणारी सब पॉप कंपनी आजही सिएटलमध्ये आहे. त्या शहरात १९८५ च्या एका नियमाने अल्पवयीनांसाठी कार्यक्रम करणं जवळजवळ अशक्य केलं होतं. तो २००२ मध्ये बदलला. त्याआधीच, २००१ मध्ये, व्हेरा प्रोजेक्ट सुरू झाला होता. तिथे तरुण मुलं स्वतःच कार्यक्रम भरवतात, साउंड सांभाळायला शिकतात. हा वारसा ग्रंजवाल्यांच्या फ्लॅनेलच्या शर्टापेक्षा मोठा. (शर्ट नाशिकला फार तर डिसेंबर-जानेवारीत चालेल.) तेव्हा पडा जरूर, पण गाणी इथली, रेकॉर्डिंगही इथलंच.

प्रश्न : ड्रम रेकॉर्ड करायला चार माइक पुरतील?

उत्तर : पुरतील. एक बेस ड्रमला, एक स्नेअरला (वादकासमोरच्या कडकड वाजणाऱ्या छोट्या ड्रमला), दोन वर. वरचे दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत, सुतळीने मोजा. अंतर चुकलं की दोन्ही ट्रॅक एकत्र करताना स्नेअर पोकळ वाजतो.