चौदा रात्री आणि दहा मुक्काम: न्यूझीलंडच्या बेताविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. मुलांच्या परीक्षा संपल्यावर, एप्रिलच्या अखेरीस, आम्ही सहा जण न्यूझीलंडला जाणार आहोत: आम्ही दोघे, बारा आणि सहा वर्षांची मुले, आणि सासू-सासरे. सासऱ्यांचे वय ७२ असून त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. हाताशी चौदा रात्री आहेत. ऑकलंड, वायटोमो, रोटोरुआ, वेलिंग्टन, पिक्टन, क्राइस्टचर्च, फ्रान्झ जोसेफ, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड आणि टेकापो अशी दहा ठिकाणे ठरवली असून परतीचे विमान पुन्हा ऑकलंडहून आहे. यजमानांचे म्हणणे असे की, एवढा खर्च करून जायचे तर सगळे पाहूनच यावे. सासूबाई म्हणतात, रोज बॅगाच भरायच्या असतील तर मी घरीच बरी. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर: सासूबाईंचे ऐका. यजमानांची तळमळ मला समजते, कारण इतक्या लांबच्या देशात आपण बहुधा एकदाच जातो आणि काही राहून गेले तर ते कायमचेच राहिले असे वाटते. मीही आई-वडिलांना घेऊन पहिल्यांदा तिकडे गेले, तेव्हा अकरा रात्रींत आठ मुक्काम ठरवले होते. सहाव्या दिवशी सकाळी वडील पलंगाच्या कडेला बसून मोजे चढवत होते. त्यांनी अगदी साधेपणाने विचारले, “आज आपण कोणत्या गावात आहोत?” त्या दिवसापासून मी कोणाचाही बेत पाहताना ठिकाणे मोजत नाही, एका जागी सलग किती रात्री आहेत ते मोजते.

एक मुक्काम बदलण्याचा हिशेब करून पाहा. तिकडच्या मोटेलांमध्ये खोली साधारण सकाळी दहाला सोडावी लागते आणि नवी खोली दुपारी दोननंतर मिळते, म्हणजे दिवसाचा मधला भाग बॅगा आणि गाडी यांतच जातो. त्यात आपण निवडलेला काळ तिकडच्या शरद ऋतूचा आहे. एप्रिलअखेर क्वीन्सटाउनला सूर्य सहाच्या आत मावळतो आणि सकाळी साडेसातच्या सुमारास उगवतो. जेमतेम दहा तासांच्या उजेडातून चार-पाच तास रोज मुक्काम हलवण्यात घालवायचे, हे मुलांनाही झेपणार नाही आणि सासऱ्यांनाही.

आता काय गाळावे ते सांगते. वेलिंग्टन आणि पिक्टन ही दोन्ही नावे आपल्या यादीत केवळ वाटेवर पडतात म्हणून आली आहेत. उत्तर बेटावरच्या वेलिंग्टनहून दक्षिण बेटावरच्या पिक्टनला जाणारी बोट कुकची सामुद्रधुनी ओलांडायला सुमारे साडेतीन तास घेते, पाणी खवळलेले असले तर वयस्कांना त्रास होतो, आणि बोटीच्या आधीचा व नंतरचा मिळून दोन दिवस खर्ची पडतात. त्याऐवजी ऑकलंडहून विमानाने थेट क्वीन्सटाउन गाठावे. प्रवास दोन तासांच्या आत होतो. फ्रान्झ जोसेफची हिमनदी खूप मागे सरकली आहे. पूर्वी दरीतून चालत तिच्या बर्फापर्यंत पोहोचता येत असे, ते २०१२ पासून बंद असून आता बर्फावर हेलिकॉप्टरनेच उतरतात. सहा जणांचे हेलिकॉप्टरचे भाडे परवडणार नसेल, तर दूरच्या कट्ट्यावरून दर्शन घेण्यासाठी पश्चिम किनाऱ्याचा एवढा वळसा घालू नये. वायटोमोच्या गुहांतले काजव्यांसारखे चमकणारे जीव मुलांना फार आवडतील, पण तशीच गुहा मिलफर्ड साउंडच्या वाटेवरच्या ‘ते आनाऊ’ या गावीही आहे आणि मिलफर्डसाठी आपण तिथे मुक्काम करणारच आहात.

माझ्या मते मुक्काम असे असावेत: ऑकलंडला दोन रात्री, रोटोरुआला दोन, मग विमानाने क्वीन्सटाउनला एक, ते आनाऊला दोन, पुन्हा क्वीन्सटाउनला तीन, टेकापोला दोन आणि शेवटी क्राइस्टचर्चला दोन. परतीचे विमान ऑकलंडऐवजी क्राइस्टचर्चहूनच घ्यावे. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून निघण्याचे असे तिकीट काढताना संकेतस्थळावर ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडतात. त्याचा दर साध्या परतीच्या तिकिटाच्या आसपास असतो, आणि केवळ विमान पकडण्यासाठी ऑकलंडला परत जाण्याचा एक दिवस वाचतो. ते आनाऊला जाताना दोन रात्रींपुरते कपडे वेगळे घ्यावेत आणि मोठ्या बॅगा क्वीन्सटाउनच्या मोटेलमध्येच ठेवाव्यात. तीन रात्रींसाठी तिथेच परत यायचे असल्याने ते लोक सहसा हो म्हणतात. फक्त आरक्षण करतानाच विचारून ठेवावे.

ते आनाऊच्या दोन रात्रींवर माझा विशेष भर आहे. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंड २८८ किलोमीटर आहे, म्हणजे एका दिवसात जाऊन येणे हे वयस्क माणसांसाठी बारा-तेरा तासांचे बसणे होते. ते आनाऊहून तेच अंतर ११८ किलोमीटर, सुमारे दोन तासांचे आहे. दुसरे कारण हवामानाचे. या रस्त्यावर साधारण मे ते नोव्हेंबर या काळात हिमकडे कोसळण्याचा धोका असतो आणि रस्ता अचानक बंद करतात; तसे फलक लागले तर गाडीत चाकांच्या साखळ्या बाळगणे सक्तीचे होते. दोन रात्री हातात असल्या की एक दिवस हुकला तरी दुसरा उरतो. पावसाने मात्र खट्टू होऊ नये. मिलफर्डला वर्षाला ६,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आपल्या ठाण्याच्या दुपटीपेक्षा जास्त. कोरड्या दिवशी तिथे दोन मोठे धबधबे दिसतात. पावसाच्या दिवशी कड्यांवरून शेकडो पांढऱ्या धारा उतरतात आणि माळशेज घाट पाहिलेल्या माणसाचेही भान हरपते. तिथे खाडीत फिरवणाऱ्या बोटीला बंदिस्त, उबदार दालन असते, त्यामुळे सासरे काचेआड बसून सगळे पाहू शकतील. टाकी ते आनाऊलाच पूर्ण भरून घ्यावी आणि पुढे मोबाइलला रेंज नसते हे घरी आधी कळवून ठेवावे. वाटेत १.२ किलोमीटरचा होमर बोगदा लागतो. त्याच्या तोंडाशी गाड्या थांबल्या की ‘किया’ नावाचे हिरवे डोंगरी पोपट टपावर येऊन बसतात आणि खिडकीच्या कडेचे रबर चोचीने सोलू लागतात. मुलांना हे दृश्य आयुष्यभर आठवेल. पोपटांना खायला मात्र काहीही देऊ नये.

टेकापोसाठी घरची भिंतीवरची दिनदर्शिका काढून बसा. हा परिसर २०१२ पासून अंधाऱ्या आकाशाचे आंतरराष्ट्रीय राखीव क्षेत्र म्हणून मान्यता पावलेला आहे आणि गावातले दिवेही त्या बेताने, खाली प्रकाश पडेल असे लावलेले आहेत. आपल्या दोन रात्री पौर्णिमेच्या आसपास आल्या तर चंद्रप्रकाशात निम्मे तारे हरवतील. बुद्धपौर्णिमा कधी आहे ते पाहून, शक्य असल्यास अख्ख्या सहलीच्या तारखाच चार-पाच दिवस मागे-पुढे कराव्यात. ठाण्याहून क्षितिजालगत कसाबसा दिसणारा त्रिशंकू तिथे डोक्यावर असतो, आणि मॅगेलनचे मेघ, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका, नुसत्या डोळ्यांना कापसाच्या पुंजक्यांसारख्या दिसतात. दुसऱ्या दिवशी पुकाकी तलावाच्या काठाने आओराकी म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याशी जाऊन यावे. शिखर ३,७२४ मीटर उंच असून ते पाहायला पायी चढण्याची गरज नाही. तलावांचा तो दुधाळ निळा रंग हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या पिठामुळे येतो, हे बारा वर्षांच्या मुलाला जरूर सांगावे.

रोटोरुआला गंधकाचा वास येतो. पहिला तासभर नाक मुरडले जाते, मग सवय होते. पोहुतू नावाचा उष्ण पाण्याचा फवारा ३० मीटरपर्यंत उसळतो, आणि माओरी या तिथल्या मूळ रहिवाशांचे नाकाला नाक लावून होणारे स्वागत व हाका नृत्य इथेच निवांत पाहावे. क्राइस्टचर्चला शेवटचे दोन दिवस मुद्दाम हलके ठेवले आहेत: वनस्पती उद्यान, ट्राम आणि खरेदी.

गाडीविषयी एक गोष्ट आवर्जून करा. आठ आसनी गाडीत सहा माणसे आरामात बसतात, पण मागची रांग उघडी असली की बॅगांना जागा उरत नाही. निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओळखीच्या कोणाची सात आसनी गाडी मागून घ्या आणि सहा माणसे बसवून सहा बॅगा भरून पाहा. बहुधा तीन मोठ्या बॅगांवर सगळे अडेल, आणि मग घरात कोणालाही समजावावे लागणार नाही. तिकडे वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. परवाना इंग्रजीत असला तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन ठेवावा. सात वर्षांखालील मुलाला मान्यताप्राप्त बालआसन कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे धाकट्यासाठी ते गाडीबरोबरच नोंदवावे. उतरल्याच्या दिवशी लांबचे अंतर चालवू नये. क्वीन्सटाउन ते टेकापो हे अंतर साधारण ठाणे ते महाबळेश्वर एवढे आहे. नकाशा साडेतीन तास दाखवील, पण वयस्क माणसे आणि मुले बरोबर असता पाच धरावेत, कारण मधल्या गावांत बरेच अंतर आहे आणि आपल्यासारखी दर वळणावर चहाची टपरी नाही.

प्रश्न: माझी आई मधुमेही असून इन्शुलिन घेते आणि पूर्ण शाकाहारी आहे. न्यूझीलंडला जाताना भाजणी, मेतकूट, चटण्या, लाडू, कढीपत्ता नेता येईल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: हा देश शेती आणि गुराढोरांवर जगतो, गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग तिथे नाही आणि तो येऊ नये म्हणून सीमेवर कमालीची दक्षता घेतली जाते. नियमाचा गाभा एकच आहे: खाण्याची प्रत्येक वस्तू प्रवेशपत्रात जाहीर करावी. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर ती काढून घेतात, बाकी काही होत नाही. न सांगता नेलेली सापडली तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. माझ्या मावशीच्या पर्समध्ये विमानात मिळालेले एक सफरचंद राहिले होते. जाहीर केले नव्हते, म्हणून तेवढ्याच दंडाची पावती फाटली आणि पुढचे दोन दिवस तिला जेवण गोड लागले नाही. त्यामुळे उतरल्यावर सगळ्यांनी एकदा पिशव्या चाचपाव्यात. तपासणीच्या आधी टाकून देण्यासाठी पेट्या ठेवलेल्या असतात.

कढीपत्ता, ताजी फळे, मध आणि बिया नेऊच नयेत. पेढे, बर्फी, तूप, तुपातले लाडू हेही घरीच ठेवावेत. तिथले लोणी उत्तम असते, स्वयंपाकघर असलेल्या मोटेलमध्ये पंधरा मिनिटांत तूप कढते. भाजणी आणि मेतकूट दुकानातले, बंद पाकिटातले आणि घटकांची नावे छापलेले घ्यावे, आणि तरीही जाहीर करावे. बुटांच्या तळव्यांना चिकटलेली माती घरीच ब्रशने घासून काढावी, कारण तीही तपासतात.

इन्शुलिन हातातल्या बॅगेत ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त नाहीत अशी न्यावीत. एप्रिलअखेर आणि मे मध्ये तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असते, तेव्हा प्रवासाच्या दिवशी डोस कधी घ्यावा हे डॉक्टरांकडून वेळांसह कागदावर लिहून आणावे.

प्रश्न: सिडनीमार्गे जाणारे तिकीट बरेच स्वस्त मिळत आहे. ते घ्यावे का? आणि विमा खरोखर आवश्यक आहे का?
– एक वाचक, खारघर

उत्तर: मुंबईहून ऑकलंडला थेट विमान नाही, त्यामुळे कुठे तरी बदलावे लागतेच. परंतु ऑस्ट्रेलियातून नुसते विमान बदलायचे असले तरी भारतीय पारपत्रधारकांना तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो विनाशुल्क असला तरी प्रत्येकाचा वेगळा अर्ज आणि वेगळी कागदपत्रे करावी लागतात. सिंगापूरला विमानतळाबाहेर न पडता विमान बदलता येते, म्हणून कुटुंब मोठे असेल तर मी थोडे अधिक पैसे देऊन तोच मार्ग घेईन. न्यूझीलंडच्या व्हिसाचा अर्ज निदान दोन-अडीच महिने आधी करावा, पारपत्राची मुदत तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने असावी, आणि मराठीतील दाखल्यांना इंग्रजी भाषांतर जोडावे. पारपत्राचे नूतनीकरण करायचे असेल तर ते सर्वांत आधी.

विमा आवश्यकच आहे, आणि त्याचे कारण नीट समजून घ्यावे. न्यूझीलंडमध्ये अपघातात इजा झाली तर पाहुण्यांच्याही उपचारांचा बराचसा भार तिथली सरकारी अपघात योजना उचलते. आजारपणाला मात्र ती लागू नाही. पाय घसरून हाड मोडले तर एक वेळ निभावेल, पण छातीत दुखून रुग्णालयात राहावे लागले तर सगळा खर्च आपल्या शिरावर येतो. वयस्कांची पॉलिसी घेताना आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह आणि झालेल्या शस्त्रक्रिया अर्जात लिहाव्यात आणि त्या आजारांना संरक्षण आहे असे पॉलिसीच्या कागदावर छापलेले पाहूनच पैसे भरावेत. दूरध्वनीवरच्या होकारावर विसंबू नये. पॉलिसीची एक प्रत घरी ठाण्या-मुंबईतल्या एखाद्या जबाबदार नातेवाइकाकडे ठेवावी, आणि तातडीच्या मदतीसाठी तिथला क्रमांक १११ आहे, तो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आणि आजी-आजोबांच्या खिशातल्या चिठ्ठीवर असावा.