तुझ्या वावरातला मुळाही कोबीच आहे

पोरी,

तुझ्या कोबीचे फोटो चष्मा लावून दोनदा पाहिले. पानाच्या कडेपासून आत शिरलेला पिवळा त्रिकोण, टोक मधल्या शिरेकडे, आणि त्यातल्या बारीक शिरा काळ्या. हा घाण्या रोग. नाव कशावरून पडलं ते सडका गड्डा नाकाशी धरलास की कळेल. तू विचारतेस, "काका, कोणतं औषध मारू?" औषधाचं मागाहून. या तुकड्यात आधी काय होतं?

ते तूच लिहिलंयस, सहज जाता जाता: गेल्या हिवाळ्यात फुलकोबी, त्याआधी मुळा, "म्हणजे फेरपालट तर केलीये". नाही केलीस! आडनावं बदललीस, गोत्र तेच ठेवलंस. पत्ताकोबी, फुलकोबी, नवलकोल, ब्रोकोली, मुळा, सलगम, मोहरी, बाळंतिणीचा हळीवसुद्धा, सगळे एका घरचे. पावसाळ्यात मधे सोयाबीन होतं, मान्य. पण गड्डे कापल्यावर खुंट आणि पानं तिथंच रोटाव्हेटरखाली घातलीस ना? घाण्याचा जिवाणू मोकळ्या मातीत फार टिकत नाही. न कुजलेल्या देठात मात्र तो वर्ष-दोन वर्षं काढतो. म्हणून कोबीनंतर कोबी नाही. तीन वर्षं नाही. मुळा पण नाही.

आणि चुना टाकायला निघाली आहेस, तो हात थांबव. चुना सांगतात तो मुळं सुजून गाठी होतात त्या रोगावर. तो रोग थंड, आंबट जमिनीतला, एकदा शिरला की वीस-वीस वर्षं मातीतून जात नाही. आपल्या नागपूरच्या काळ्या मातीत खणताना चुनखडीचे पांढरे खडे हाताला लागतात. तिला आणखी चुना कशाला पाजतेस?

माझे वडील एकच शब्द बोलायचे: बेवड. आधीच्या पिकानं जमीन कशी करून ठेवली, ते पाहून पुढचं लाव. मी तेव्हा तुझ्याएवढाच हुशार होतो. पहिल्या हिवाळ्यात कोबीला भाव लागला, म्हणून त्याच दीड एकरात चार हिवाळे कोबी आणि फुलकोबीच लावली. म्हातारा धुऱ्यावर उभा राहून बोलायचा आणि मी म्हणायचो, बेवडानं पोरांची फी भरत नाही. चौथ्या वर्षी अर्ध्याहून जास्त गड्डे नांगराखाली गेले. मी जाऊन बियाणंवाल्याशी भांडलो. त्याचा थोडा दोष असेलही, घाण्या बियाण्यातून येतो. पण आलेल्या पाहुण्याला चार वर्षं पंगत मीच वाढली होती. वडिलांना हे कबूल करायचं राहून गेलं.

तू म्हणशील, वावर मक्त्याचं, पुढच्या साली मिळेल की नाही कोण जाणे, बेवड कुणासाठी राखू? इथं मला उत्तर द्यायला जड जातं. तरी मालकाशी तीन सालांचं बोलून पाहा. एकराचे चार तुकडे कर आणि कोबी फक्त एका तुकड्यात लाव, तोही दरवर्षी वेगळा. बाकीच्यांत कांदा, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, भेंडी, हरभरा. वांगी आणि टमाटर एकामागं एक नको, त्यांचंही गोत्र एक. कोबी नत्राची खादाड, म्हणून तिच्या आधी बरबटी (चवळी) किंवा हरभरा असला तर उत्तम. नवं बी ५० अंशाच्या पाण्यात ३० मिनिटं ठेवून, सावलीत सुकवून मग टाक. थर्मामीटर घे, बोट बुडवून अंदाज नको. सडकी पानं शेणखताच्या खड्ड्यात टाकू नकोस, गेल्या वेळी टाकलीस ते मला माहीत आहे.

चौकोनी ठिपक्यांचा पतंग फेरपालटीला भीत नाही, उडून येतो. त्याच्यासाठी कोबीच्या २५ ओळींमागं मोहरीच्या २ ओळी लाव, एक कोबीच्या १५ दिवस आधी, दुसरी कोबीनंतर २५ दिवसांनी, आणि ५ टक्के निंबोळी अर्क मार. पण ती मोहरी कोबीच्याच हिशोबात धर. पुढच्या वर्षी "तिकडे तर मोहरीच होती" असं मला सांगू नकोस.

माझी फेरपालटीची वही घरात चेष्टेचा विषय आहे. एका हिवाळ्यात कोबीचा भाव कडाडला आणि माझ्या वहीप्रमाणे वावरात हरभरा होता. मेहुणा कळमन्याच्या बाजारात चार लोकांत हसला. पैसा गेला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या वावरात आता कोबी जगत नाही आणि माझ्यात जगते. हट्टी म्हणतात. म्हणू दे. चार वर्षं ऐकलं नाही त्याची परतफेड करतोय, असं समज.

कोणतं औषध ते राहिलंच. या गड्ड्यांना आता कुठलंच नाही. रोगट झाडं उपटून जाळ, उरलेल्यांना वरून पाणी देऊ नको आणि पानं ओली असताना वावरात हिंडू नको.

रविवारी ये. एक झाड मुळासकट पिशवीत बांधून आण, मुळं पाहू. आणि चप्पल धुऱ्यावरच काढ, तुझ्या वावराची माती माझ्या वावरात नको.

तुझा काका