माझ्या वडिलांनी सकाळी ग्रेपफ्रूटचा रस आणि रात्री सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची गोळी, असे अंतर ठेवले तर चालते का?

नाही, आपल्या वडिलांसाठी हे अंतर पुरेसे नाही. आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि सिमव्हास्टॅटिनसारख्या औषधांचा मोठा भाग रक्तात पोहोचण्यापूर्वीच ते निकामी करते. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ही घट आधीच धरलेली असते. ग्रेपफ्रूटमधील फ्युरानोकुमारिन ही द्रव्ये या विकराला कायमचे बंद पाडतात, आणि शरीराला ते नव्याने तयार करण्यास एक ते तीन दिवस लागतात. त्यामुळे सकाळच्या एका पेलाभर रसाचा परिणाम रात्रीच्या गोळीवरही होतो, रक्तातील औषध अनेक पटींनी वाढू शकते आणि स्नायूंना गंभीर इजा होण्याचा धोका निर्माण होतो. स्नायू दुखत असतील किंवा लघवी गडद होत असेल, तर कृपया त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

रक्तदाबावरील फेलोडिपिन व निफेडिपिन, तसेच अवयव प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस यांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरील दुसऱ्या औषधावर मात्र असा लक्षणीय परिणाम होत नाही, म्हणून रस सोडवत नसेल तर पर्यायी औषधाविषयी डॉक्टरांशी बोलता येईल; गोळी स्वतःहून बंद करू नये.

आपल्याकडे ग्रेपफ्रूटपेक्षा पपनस अधिक खाल्ले जाते, आणि त्यातही हीच द्रव्ये असल्यामुळे तेही टाळावे. नेहमीच्या गोड संत्र्याने सिमव्हास्टॅटिनच्या बाबतीत ही अडचण येत नाही.