नाशिकची मोजदाद पत्त्यातच अडते

प्रश्न : ग्रंथालय व माहितीशास्त्रात नाशिक जिल्ह्यातून दहा वर्षांत किती संशोधन झालं, याची मोजदाद करतो आहे. स्कोपस या संशोधन लेखांच्या डेटाबेसमध्ये शहराचं नाव टाकलं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लेख आले. कुठे चुकतंय?
— एक ग्रंथपाल, नाशिक रोड

उत्तर : बहुधा लेखकाच्या पत्त्यात. नाशिकची रोमन स्पेलिंगं दोन, एक ‘एसएच’चं आणि एक नुसत्या ‘एस’चं, दोन्ही टाका. नाशिक रोड, पंचवटी, देवळाली, मनमाड, येवला हे वेगळं शोधावं लागतं. मालेगावला जपून! वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव आणि बारामतीजवळचं माळेगाव रोमनमध्ये हुबेहूब तसंच दिसतं. पिनकोडवर विसंबाल तर तिथेही मेख आहे: संगमनेर ४२२६०५ आणि कोपरगाव ४२३६०१, दोन्ही अहिल्यानगर जिल्ह्यातली. म्हणून पत्त्याचा रकाना एक्सेलमध्ये उतरवून ओळ न् ओळ डोळ्यांखालून घाला.

याहून मोठी गळती विद्यापीठाच्या नावातून होते. महाविद्यालय नाशिकचं, पण लेखकाने फक्त ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ लिहिलं (२०१४ पूर्वी ‘पुणे विद्यापीठ’), की लेख पुण्याच्या खात्यात जमा. उलट मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांची मुख्यालयं नाशिकला. त्यांचं नाव लावणारा लेखक प्रत्यक्षात कुठेही बसलेला असू शकतो.

विषयाची चाळणीही फसवी. स्कोपस विषय नियतकालिकाला लावतं, लेखाला नाही. बहुविषयक नियतकालिकातला ग्रंथालयावरचा लेख त्यातून निसटतो. शीर्षक आणि विषयाच्या संज्ञांवरून पुन्हा शोधा. मराठी लेखांसाठी मात्र अंकांच्या अनुक्रमणिका चाळण्यावाचून गत्यंतर नाही. शोधगंगा या ऑनलाइन भांडारात पीएचडीचे प्रबंध विद्यापीठवार लावलेले असतात, तेव्हा शीर्षकपानावरचं संशोधन केंद्र पाहा.

दुबार नोंदी आधी डीओआय या लेखाच्या कायम ओळख-क्रमांकावरून काढा, उरलेल्या शीर्षक आणि वर्षावरून.

मग मोजणी. तीन लेखकांपैकी एक नाशिकचा, दोन पुण्याचे, तर पूर्ण मोजणीत नाशिकला १ आणि पुण्यालाही १. अंश मोजणीत ०.३३ आणि ०.६७. जिल्ह्यांची तुलना करायची असेल तर आमचं मत अंश मोजणीला. नाहीतर जिल्ह्यांची बेरीज राज्याच्या आकड्यापुढे जाते. उद्धरणं (इतर लेखांनी दिलेले संदर्भ) मोजताना प्रत्येक लेखाला पहिली तीनच वर्षं द्या, म्हणजे जुन्या लेखाला वयाचा फायदा मिळत नाही. आणि शोध घेतल्याची तारीख नोंदवाच. मागच्या वर्षांच्या नोंदी डेटाबेसमध्ये नंतरही भरल्या जातात.