साठी उलटल्यावर परदेशात, रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायला शिकता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नवरा-बायको दोघंही साठीपुढचे, चर्चच्या मिशनवर दोन वर्षांसाठी परदेशी निघालात, तिथे वाहतूक उजवीकडून चालते. एकाला डावीकडून चालवायची जुनी सवय, दुसऱ्याने स्टिअरिंगला हातही लावलेला नाही. जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

जमतं. पण ज्याला गाडी येते त्याची काळजी जास्त करा, नवशिक्याची कमी. नवशिक्याला निदान जुनं काही विसरायचं नसतं. उजवी बाजू डोक्यात शिरायला फार वेळ लागत नाही. डावीची सवय हातापायांतून जायला मात्र महिने जातात, आणि ती ठरावीक क्षणीच उसळून वर येते. ते क्षण आधीच माहीत असले तर अर्धं काम झालं.

निघण्याआधी कागद. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट ज्या देशाचं लायसन्स आहे तिथेच काढावं लागतं. तिकडे पोचल्यावर सुचून उपयोग नाही. १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं परमिट एक वर्ष चालतं. १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचं जास्तीत जास्त तीन वर्षं, तेही मूळ लायसन्सची मुदत असेपर्यंतच. कुठला देश कुठलं मानतो हे बघायला हवं: जपान फक्त १९४९ चं स्वीकारतो, चीन कुठलंच नाही. परमिट एकटं दाखवून भागत नाही, मूळ लायसन्स सोबत लागतं. शिवाय दोन वर्षं राहणारा माणूस बऱ्याच देशांत पाहुणा नाही, रहिवासी धरला जातो, आणि मग परमिटची मुदत शिल्लक असली तरी स्थानिक लायसन्स काढावंच लागतं. गाडी मिशनची असेल तर विम्यात दोघांची नावं आहेत का आणि चालकाच्या वयाची अट आहे का, हे लेखी विचारून घ्या.

गाडी शक्य असेल तर ऑटोमॅटिक घ्या. डोक्याला एकाच वेळी दोन नव्या गोष्टी कशाला? एक मेख आहे: काही देशांत, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये, ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं. मिशनची गाडी गिअरवाली असेल तर हे आधी तपासा. ऑटोमॅटिकमध्ये जुन्या चालकाचा डावा पाय सवयीने क्लच शोधतो, त्याला रुंद ब्रेक सापडतो, आणि क्लचसारखा तो पूर्ण दाबला की गाडी जागच्या जागी थांबते; मागचा येऊन आदळतो. म्हणून डावा पाय मागे ओढून फूटरेस्टवर ठेवायचा आणि तिथून हलवायचा नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने.

गिअरवालीच मिळाली तर एवढं लक्षात ठेवा. पेडलांचा क्रम बदलत नाही: डावीकडे क्लच, मधे ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर. गिअरचा नकाशाही तोच, पहिला डावीकडे वर. स्टिअरिंग आता डाव्या बाजूला असल्यामुळे हात मात्र बदलतो, गिअर उजव्या हाताने टाकायचा, आणि त्यामुळे पहिला-दुसरा तुमच्या अंगाकडे येतात, पाचवा लांब जातो. सगळ्यात जास्त चूक दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना होते: दांडा मुठीत आवळून बाजूला ढकलला की तो पाचव्यात जातो किंवा परत पहिल्याकडे वळतो. दांडा न्यूट्रलला आणून हात सैल सोडला तर स्प्रिंग त्याला आपोआप मधल्या रांगेत आणते. तिथून सरळ वर ढकलायचं. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, खाली न बघता हे चालायला लागेपर्यंत रस्त्यावर जाऊ नका.

बसण्याबद्दल थोडं. छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर एअरबॅग फुटताना तीच इजा करते. आतला आरसा आता तुमच्या उजवीकडे वर आहे. जुनी नजर डावीकडे जाते आणि दाराचा खांब बघून परत येते. इंडिकेटरचा दांडा कुठल्या बाजूला आहे तेही निघण्याआधी पाहा. लेफ्ट-हँड ड्राइव्ह (स्टिअरिंग डावीकडे असलेल्या) गाड्यांत तो सहसा डावीकडे असतो, तर जपानी बनावटीच्या राइट-हँड ड्राइव्ह (स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या) गाड्यांत उजवीकडे. वळताना वायपर सुरू झाले म्हणून खाली बघत बसू नका, आधी वळण पूर्ण करा.

रस्त्यावर पहिला त्रास होतो तो गाडी उजवीकडे सरकण्याचा. इतकी वर्षं गाडीचा मोठा भाग तुमच्या डावीकडे होता, आता तो उजवीकडे आहे. चालक सवयीने स्वतःला लेनच्या मधोमध आणून बसवतो, आणि गाडीचा उजवा अर्धा भाग फुटपाथच्या कडेवर किंवा उभ्या गाड्यांच्या आरशांवर जातो. उपाय एकच वाक्य: चालक मध्यरेषेकडे, शेजारी बसलेला कडेकडे. हे दोन्ही प्रकारच्या देशांत खरं आहे, अर्थात गाडी त्या देशाच्या पद्धतीची असेल तर. नजर बॉनेटवर न ठेवता दूर ठेवली की गाडी आपोआप सरळ होते.

वळणांत चित्र उलटं होतं. उजवीकडचं वळण आता कडेने, छोटं. डावीकडचं मोठं, समोरून येणाऱ्यांना वाट देऊन, चौकाच्या मध्यापर्यंत पुढे जाऊन. चूक नेहमी डाव्या वळणात होते: माणूस कोपरा कापतो आणि समोरच्याच्या लेनमध्ये शिरतो. मोठ्या रस्त्याला लागताना सगळ्यात जवळची गाडी डावीकडून येते, म्हणून आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. राउंडअबाउट, म्हणजे मधे गोल बेट असलेला चौक, घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं. आत असलेली गाडी डावीकडून येते आणि बहुतेक ठिकाणी तिला वाट द्यायची असते. युरोपातल्या बऱ्याच देशांत मात्र पाटी नसलेल्या साध्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो गल्लीतून का येईना. हा नियम ठाऊक नसला की अपघातही होतो आणि दोषही आपल्या माथी येतो.

आता ते क्षण. गर्दीत सहसा कोणी चुकत नाही, कारण पुढची गाडी वाट दाखवते. चूक होते रिकाम्या रस्त्यावर: सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना, पेट्रोल पंपावरून किंवा पार्किंगमधून बाहेर पडताना, वन-वे संपून दुतर्फा रस्ता सुरू होतो तिथे, यू-टर्न घेतल्यावर, अरुंद पुलावर समोरच्याला वाट देऊन पुन्हा निघताना. आणि कोणी अचानक आडवं आलं की हात जुन्याच बाजूला स्टिअरिंग फिरवतात. म्हणून वेग असा ठेवा की चुकवायची वेळ न येता नुसता ब्रेक पुरेल. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायला दीड सेकंद लागला तर २५ मीटर तिथेच गेले. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर सांगतात, तुम्ही चार ठेवा. डॅशबोर्डवर उजवीकडे दाखवणारा बाण चिकटवणं बाळबोध वाटेल, पण पंपावरून निघताना तोच कामी येतो. पायी रस्ता ओलांडतानाही हेच: आधी डावीकडे बघा.

नवरा-बायकोनं एकमेकांना गाडी शिकवू नये, हे माझं ठाम मत. भांडणाची गोष्ट बाजूला ठेवली तरी शिकवणाऱ्याच्या अंगात जुनी बाजू मुरलेली असते आणि घाईच्या वेळी तो चुकीची सूचना देतो. तिथला, दोन्हीकडे ब्रेक असलेल्या गाडीचा शिक्षक घ्या. जुन्या चालकानेही त्याच्याकडे काही धडे घ्यावेत. रिकामं मैदान, मग वस्तीतले शांत रस्ते, मग सिग्नलचे चौक, मग राउंडअबाउट, शेवटी हायवे. धडा तासाभराचा पुरे. थकव्यात सवय जिंकते. शेजारी बसणाऱ्याचं काम रस्ता दाखवणं आणि प्रत्येक वळणाआधी बाजू मोठ्याने म्हणणं, एवढंच.

वयाचा मुद्दा टाळता येत नाही. साठीत डोळ्याच्या पडद्यावर पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो, आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या दिव्यांचं तेज फुटून पसरतं. डोळे जाण्याआधी तपासा. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर) असेल तर मान न हलवता आरसे स्पष्ट दिसतात का ते बघा. मान पूर्ण वळत नसेल तर मागे घेताना थांबत थांबत घ्या, आणि दुसऱ्याला खाली उतरवून उभं करा. औषधांत झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या सगळ्यांना माहीत असतात. पण मलेरियाच्या भागात जाणार असाल तर मेफ्लोक्वीन या मलेरिया टाळण्याच्या गोळीबद्दल डॉक्टरांना मुद्दाम विचारा. त्याने चक्कर येते, तोल जातो, आणि पर्यायी गोळ्या उपलब्ध आहेत.

मिशनची ठिकाणं बऱ्याचदा कच्च्या रस्त्यांवर असतात. खडीवर ब्रेक आणि वळण एकाच वेळी नको. सरळ असतानाच वेग कमी करा. सुट्या खडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असूनही गाडी जास्त लांब जाऊन थांबते. टपावर सामान बांधलं की उंच गाडी वळणात कलंडू शकते, म्हणून जड वस्तू खाली ठेवा. वाहतं पाणी ३० सेंटिमीटर खोल असेल तर बऱ्याच गाड्या तरंगू लागतात, ६० मध्ये जवळजवळ सगळ्या वाहून जातात. ओढा फुगला असेल तर उतरेपर्यंत अलीकडेच थांबा. आणि अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी काढूच नका. बिनदिव्यांचे बंद पडलेले ट्रक, गुरं आणि रस्त्याने चालणारी माणसं तुम्हाला वेळेत दिसणार नाहीत. मुक्काम वाढवावा लागला तरी चालेल, निरोप पाठवा आणि सकाळी निघा.