दुसरा सीझन नाही, म्हणजे मालिका बंद पडली?

बारा भाग संपले, पुढचा सीझन नाही, म्हणून लगेच 'बंद पाडली' म्हणू नका. जपानमध्ये रात्री उशिरा लागणाऱ्या अ‍ॅनिमेचं, म्हणजे तिकडच्या अ‍ॅनिमेशन मालिकांचं, काम बहुधा ठरतंच 12-13 भागांचं. प्रकाशक, संगीत कंपनी, खेळणीवाले असे काही जण निर्मिती समिती करून पैसे घालतात. पुष्कळदा वाहिनीची वेळही तेच विकत घेतात. मांगाचा, म्हणजे मालिका जिच्यावरून केली त्या जपानी चित्रकथेचा, खप वाढला की प्रकाशकाचं काम झालं, पुढचं तुम्ही पुस्तकात वाचा! स्टुडिओ बहुतेकदा नुसता ठेकेदार, त्याला शिव्या घालून उपयोग नाही.

खरोखर मध्येच कापलेली मालिका बघायची तर 1979ची 'मोबाइल सूट गंडम' घ्या. 52 भाग ठरलेले, 43वर गुंडाळली. रेटिंग कमी, आणि प्रायोजक क्लोव्हरची खेळणी हवी तशी खपेनात. गंमत म्हणजे पुनःप्रक्षेपणानं आणि 1980पासून बानदाई या खेळण्यांच्या कंपनीनं काढलेल्या, सुटे भाग जोडून करायच्या प्लास्टिक मॉडेलांनी तिला पुन्हा उचलून धरलं.

तेव्हा आधी बघा, मुळात भाग किती जाहीर झाले होते आणि मांगाचे न वापरलेले खंड उरलेत का. मग शेवटच्या नामावलीत चित्र थांबवून समितीचं नाव शोधा.