पी५३ या प्रोटीनसाठी मोनोक्लोनल अँटीबॉडी घ्यावी की पॉलिक्लोनल?

मोनोक्लोनल (प्रोटीनच्या एकाच जागेला चिकटणारी) की पॉलिक्लोनल (अनेक जागांना चिकटणाऱ्यांचं मिश्रण), हे नंतर बघू. सॅम्पल माणसाचं आहे की माउसचं, ते तुम्ही लिहिलंच नाही. नागपुरात पीएचडी करताना याच मुद्द्यावर माझं सरांशी वाजलं होतं, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे माउसच्या लिव्हरचे लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) वेस्टर्न ब्लॉटवर चालायचे, म्हणजे प्रोटीन जेलवर वजनानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर अँटीबॉडीनं शोधायची. अँटीबॉडी होती डीओ-१, माउसमध्ये बनवलेली मोनोक्लोनल. ती माणसाच्या पी५३ च्या एन-टोकाला चिकटते, माउसचं पी५३ ओळखत नाही. तरी सीनियरच्या ब्लॉटवर ५० किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप) जरा वर झकास जाड बँड! ट्रीटमेंट दिलेल्या लेनमध्येही आणि न दिलेल्यातही, सारखाच. धडधाकट लिव्हरमध्ये पी५३ एवढं दिसेलच कसं? एमडीएम२ हे दुसरं प्रोटीन त्याला टिकूच देत नाही, अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटांच्या आसपास. मी म्हटलं, मेम्ब्रेनच्या एका तुकड्यावर प्रायमरी (इथं डीओ-१) न घालता नुसती सेकंडरी, म्हणजे प्रायमरीला पकडून बँड दाखवणारी दुसरी अँटीबॉडी, घालून बघू. सर म्हणाले, "मेम्ब्रेन कशाला वाया घालवतोस?" मग दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी तो तुकडा लावला. प्रायमरी नाही, तरी बँड तिथंच, तसाच. अँटी-माउस सेकंडरीनं लिव्हरमधल्या त्या माउसच्याच आयजीजी या अँटीबॉडीची हेवी चेन (मोठी साखळी) पकडली होती, साधारण ५० किलोडाल्टनची. खाली २५ पाशी लाइट चेनची रेघही होती. मेम्ब्रेन दरवेळी ३५ च्या खाली कापायचे, म्हणून ती कधी कुणाला दिसलीच नाही.

सरांनी मानलं नाही. पोस्टरवर तोच बँड गेला. मला ते आजही पटत नाही.

तेव्हा माणसाच्या पेशी असतील तर डीओ-१ बिनधास्त घ्या, त्याहून महागडं काही शोधू नका. माउस असेल तर सशात बनवलेली सीएम५, म्हणजे पॉलिक्लोनल. निगेटिव्ह कंट्रोलला साओस-२ किंवा एच१२९९ या पेशींचं लायसेट, त्यांच्यात पी५३ नसतंच. पॉझिटिव्हला डॉक्सोरुबिसिन (डीएनए बिघडवणारं औषध) दिलेल्या एमसीएफ-७ पेशी. माउसच्या कामात मात्र निगेटिव्ह म्हणून पी५३ नॉकआउट (तो जीनच काढून टाकलेल्या) माउसचंच टिश्यू हवं. आणि गाइड काहीही म्हणोत, नुसत्या सेकंडरीचा तुकडा लावाच. मेम्ब्रेनचा खर्च काढणाऱ्यांनी आधी चुकीच्या बँडवर गेलेल्या वर्षांचा हिशोब द्यावा.

हे सगळं वेस्टर्नपुरतं. म्युटंट ओळखायला कुणी पीएबी२४० ही अँटीबॉडी सुचवली, तर ती नेटिव्ह (घडी न मोडलेल्या) प्रोटीनवरच तो फरक दाखवते. एसडीएस जेलमध्ये घडी मोडते, त्यानंतर ती वाइल्ड-टाइपही (म्युटेशन नसलेलं पी५३) पकडते. आणि ऑर्डर एप्रिल-मेमध्ये टाकू नका. आपल्याकडच्या ४५ अंशांत पार्सल शनिवार-रविवार गोदामात पडून राहिलं, तर आइसपॅकचं पाणी होऊनच हातात येतं.